जरा उजळ करा

कोल्हापुरात मिरजकर तिकटीवरून बिंदू चौकाकडे निघालं की वाढदिवसाचे फ्लेक्स सुरू होतात. मधोमध भावी नगरसेवक, हात जोडलेले, गॉगल कपाळावर. खाली तीन रांगांत शुभेच्छुक. तीस-चाळीस चेहरे आणि सगळ्यांचा रंग एकच, साखर लावलेल्या बडीशेपेचा असतो तसला फिकट गुलाबी. यातले निम्मे जण दिवसभर उन्हात असतात. कुणी उसाच्या फडात, कुणी तालमीच्या हौद्यात, कुणी गुळाच्या टेम्पोवर. फ्लेक्सवर मात्र उन्हाचा मागमूस नाही.

हे होतं कसं, ते बघण्यासारखं आहे. फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला असतो, म्हणजे आधीच दाबून लहान झालेला. फ्लेक्सवाला पोरगा संगणकावर चेहरा कापून घेतो, कर्व्ह (उजळपणाची रेघ) वर ओढतो आणि मग त्वचेवर ब्लर फिरवतो. कर्व्ह वर ओढला की सगळ्यात आधी जळतात ते चेहऱ्याचे उंचवटे: कपाळ, नाकाचा शेंडा, गालाची हाडं. तिथे फाइलमध्ये रंगच उरत नाही, म्हणून छपाईत शाई पडत नाही आणि फ्लेक्सचा मूळ पांढरा पृष्ठभाग तसाच दिसतो. कान आणि मान घाईत सुटतात, ती आपल्या मूळ रंगाची राहतात. लांबून पाहिलं तर मुखवटा चढवलेला माणूस. ‘जरा उजळ करा’ असं आता कुणाला सांगावंही लागत नाही. ते दरात धरलेलंच असतं.

एखादा नट किंवा नटी सिनेमातल्या रंगभेदाबद्दल काही बोलते आणि ते वाक्य फिरत फिरत आपल्या मोबाईलवर येतं, तेव्हा ते वाचणारे डोळे असल्या फ्लेक्सांवर तयार झालेले असतात. पहिल्या तासात शाबासकी येते: ‘धाडस लागतं हो बोलायला.’ मग शंका: ‘एवढी वर्षं गप्प होता, आत्ताच का?’ दिवेलागणीपर्यंत विषय त्या माणसाच्या स्वभावावर गेलेला असतो. काम मिळेना म्हणून रडतंय, पिक्चर येणार आहे म्हणून हवा करतंय. शिवाय आपल्याकडचं ठेवणीतलं एक वाक्य असतंच: ‘आम्ही रंग बघत नाही भावा, काम बघतो.’ दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याचा जुना व्हिडिओ शोधून काढतो. तिसऱ्या दिवशी सगळं थंड.

या गदारोळात मूळ वाक्य नेमकं कशाबद्दल होतं, हे क्वचितच कुणी विचारतं. बहुतेक वेळा ते कामाबद्दल असतं. दिव्याबद्दल, मेकअपच्या बेसच्या शेडबद्दल, जोडीबद्दल, मानधनाबद्दल. सुताराने रंधा बोथट असल्याचं सांगावं आणि लोकांनी सुताराच्या मिजाशीची चर्चा करावी, तसं हे चालतं.

जुलै 2017 मधलं नवाजुद्दीन सिद्दीकी यांचं ट्वीट आठवून बघा. त्यांच्या एका सिनेमाशी संबंधित व्यक्तीने म्हटलं होतं की नवाजसोबत गोरीगोमटी, देखणी माणसं घेता येत नाहीत, विचित्र दिसेल. त्यावर सिद्दीकींनी ‘मी काळा आहे आणि दिसायला देखणा नाही, हे लक्षात आणून दिल्याबद्दल आभार’ अशा अर्थाचं उपरोधिक उत्तर लिहिलं. पुढचे दोन दिवस लोक त्यांच्या मोठेपणाबद्दल बोलत राहिले. किती संयम, किती साधेपणा. पण आरोप जोडीबद्दल होता. एका चौकटीत दोन चेहरे कसे दिसतील, याबद्दल होता. तो प्रश्न निवडीचा आहे तितकाच छायाचित्रणाचा आहे आणि त्याचं उत्तर मोजून देता येतं.

त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर 2016 मध्ये, अभिनेत्री तनिष्ठा चॅटर्जी पाहुण्यांची टर उडवणाऱ्या, म्हणजे ‘रोस्ट’ करणाऱ्या, एका विनोदी टीव्ही कार्यक्रमातून उठून गेल्या. सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी गेल्या होत्या आणि विनोद सगळा त्यांच्या रंगावर, लहानपणापासून जांभळं खाल्ली असणार वगैरे. नंतर त्यांनी सविस्तर लिहिलं, वाहिनीने माफीही मागितली. प्रतिक्रिया काय होती? ‘रोस्ट म्हणजे काय हे माहीत नव्हतं का? मग गेलीच कशाला?’ त्यांचा मुद्दा सरळ होता. काळं असणं हे वैगुण्य आहे असं आधीच धरल्याशिवाय तो विनोद उभाच राहत नाही. त्याच लिखाणात एक प्रसंग होता, ज्याकडे फार थोड्यांनी लक्ष दिलं. कुणीतरी त्यांना आडनाव विचारलं, मग आईचं आडनाव विचारलं, दोन्ही ब्राह्मणी निघाली आणि मग हा रंग कसा, असं त्याला कोडं पडलं. ‘रेसिझम’ या शब्दाला आपण वंशभेद म्हणतो, वर्णद्वेष म्हणतो. पण आपल्याकडे ही गाठ वंशाशी कमी आणि जातीशी जास्त मारलेली आहे. रंग विचारणारा माणूस पुष्कळदा आडनावच विचारत असतो. त्यामुळे परदेशी नटाच्या वाक्यावर हिरिरीने अंगठा दाखवणारा माणूस घरच्या नटीच्या वाक्यावर गप्प होतो, यात मला फारसं आश्चर्य वाटत नाही.

‘आमच्यात असलं काही नाही’ म्हणणाऱ्यांचा हुकमी पुरावा म्हणजे नावांची यादी. स्मिता पाटील सावळ्याच होत्या. ओम पुरी बघा. रजनीकांत बघा; कोल्हापुरात तर ते मूळचे गायकवाड, मराठी, हेही अभिमानाने जोडलं जातं. आता या यादीतलं शेवटचंच नाव घ्या. 2007 च्या ‘शिवाजी’ या तमिळ सिनेमात नायिकेला पसंत पडावं म्हणून नायक गोरा व्हायची खटपट करतो आणि एका गाण्यात खरोखर गोरा दिसतो. ती पावडर नव्हती. एका गोऱ्या बाईच्या त्वचेच्या नोंदी घेऊन त्या संगणकावर रजनीकांत यांच्या अंगावर चौकटी-चौकटीने बसवल्या होत्या. सिनेमात ती चेष्टाच आहे, हे खरं. पण देशातल्या सर्वात लोकप्रिय सावळ्या नटाच्या बाबतीतसुद्धा ‘गोरा असता तर?’ हा विनोद प्रेक्षकाला समजावून सांगावा लागला नाही. आणि यादी करता येते, म्हणजे ती लहान आहे. गोऱ्या नायिकांची यादी करायला कुणी बसत नाही.

आता जोडीच्या प्रश्नाकडे.

प्रकाश मोजायचं मीटर मधल्या राखाडीवर बेतलेलं असतं. पडलेल्या प्रकाशातला साधारण 18 टक्के परत देणारा रंग ते मध्य मानतं. गोरी त्वचा ढोबळमानाने याच्या दुप्पट, 36 टक्क्यांच्या आसपास परत देते, म्हणजे एक स्टॉप वर (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा झाला की तो एक स्टॉप). गडद त्वचा निम्मं किंवा त्याहून कमी देते, म्हणजे एक स्टॉप खाली, कधी दीड. गोरी नायिका आणि काळा नायक शेजारी उभे केले की दोघांत दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट प्रकाशाचा फरक पडतो. आजचे सिनेमाचे कॅमेरे तेरा-चौदा स्टॉप सहज पकडतात, त्यामुळे हा फरक कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरचा मुळीच नाही. प्रश्न एवढाच असतो की एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, कुणाच्या चेहऱ्यावर बांधायचं. ते नायिकेच्या गालावर बांधलं जातं, नायक खाली घसरतो आणि मग मॉनिटरवर बघून कुणीतरी म्हणतं, ‘जोडी जमत नाही.’

उपाय साधे आहेत. मुख्य दिवा नायकाच्या बाजूला न्या. दिवा लहान असेल तर निम्म्या अंतरावर आणल्यावर चौपट प्रकाश मिळतो, म्हणजे नेमके ते दोन स्टॉप. मोठा, मऊ स्रोत असेल तर अंतराचा एवढा परिणाम होत नाही. तिथे नायिकेच्या बाजूला दिव्यापुढे उजेड कापणारी जाळी लावायची. एकेरी जाळी साधारण अर्धा स्टॉप कापते, दुहेरी एक. या सगळ्याला लाइटमनला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं कुणासाठी काढायची, हा निर्णय मात्र दिव्याचा नसतो.

मीटर न वापरता नुसत्या डोळ्यांनी उजेड वाढवत नेणं ही नेहमीची चूक. काळा चेहरा दिसत नाही म्हणून समोरून जास्त उजेड ओतला, की मागची भिंत पेटते, पांढरा सदरा पेटतो, चेहरा सपाट होतो आणि तरीही काळाच राहतो. गडद त्वचेचा आकार डोळ्यांना कळतो तो तिच्यावर उमटणाऱ्या चकाकीतून. गालाच्या हाडावरची एक लांबट रेघ, कपाळाच्या कडेचा पट्टा. ती चकाकी मिळते मोठ्या पृष्ठभागाच्या प्रतिबिंबातून. म्हणून आठ बाय चारचं थर्माकोल बाजूला उभं करून त्यावर दिवा मारणं हे समोरच्या तीव्र दिव्यापेक्षा कितीतरी सरस. इथे तीव्रतेपेक्षा जागा महत्त्वाची. थर्माकोल फूटभर पुढे-मागे केलं की चेहरा उगवतो किंवा मावळतो. आणि एवढं जमवून आणल्यावर टचअपवाला येतो आणि घाम दिसतोय म्हणून पावडरचा पफ मारतो. संपलं. गोऱ्या चेहऱ्यावर तेलकट वाटणारी चमक गडद चेहऱ्यावर आकार देत असते. पावडर तोच पुसून टाकते. लेन्सवर पोलरायझर असेल तर तोही हेच करतो, आकाश निळं करता करता चेहऱ्याची चकाकी खाऊन टाकतो. कपडेपटाची बाजू वेगळी. शेतकऱ्याचा पांढराशुभ्र सदरा दुपारच्या उन्हात चेहऱ्याच्या कितीतरी वर जातो. म्हणून जाणता ड्रेसवाला तो आधी चहाच्या पाण्यात बुडवून काढतो. पडद्यावर तो पांढराच दिसतो, फक्त चेहऱ्याला मारत नाही.

कोल्हापूरकराला यातलं तत्त्व नवीन नसावं. अंबाबाईची मूर्ती काळ्या पाषाणाची. गाभाऱ्यात दिव्यांचा उजेड वर्षभर असतोच. तरी नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखांना आणि 31 जानेवारीपासून 2 फेब्रुवारीपर्यंत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर पोचतात, ते बघायला माणसं तासन्‌तास उभी राहतात. ती किरणं तिरपी आणि मंद असतात. अभ्यासक लक्स मीटर घेऊन त्यांची तीव्रता मोजतात आणि वाटेतल्या इमारती, धूळ, हवेतलं बाष्प यांनी किती अडवलं याचा हिशेब ठेवतात. मूर्तीचा रंग उजळा म्हणजे नीट दिसेल, असं आजवर कुणी सुचवलेलं नाही. अडथळा वाटेत शोधतात.

आणखी एक गंमत. चित्रण झाल्यावर संगणकावर रंग दुरुस्त करताना, म्हणजे डीआयच्या खोलीत, व्हेक्टरस्कोप नावाचं एक वर्तुळ समोर असतं. कुठल्या रंगछटेची किती तीव्रता आहे ते त्यावर दिसतं. त्यात एक तिरपी रेघ त्वचेसाठी आखलेली असते. नॉर्वेचा माणूस असो, नायजेरियाचा असो की निपाणीचा, त्वचेचे ठिपके जवळजवळ त्याच रेघेवर पडतात, कारण सगळ्यांच्या कातडीखाली रक्त एकाच रंगाचं वाहतं. फरक असतो तो उजेडाचा आणि थोडा रंगाच्या तीव्रतेचा. यंत्राला जे एका रेघेवर दिसतं त्यासाठी लग्नाच्या बाजारात गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा असे रकाने पाडलेले आहेत. एक्स्पोजर खाली ठेवून नंतर खोलीत चेहरा उचलला की सावल्यांत कण दिसायला लागतात, विशेषतः निळ्या चॅनेलमध्ये. मग ‘काळी त्वचा कॅमेऱ्याला चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो. चाललं नाही ते सेटवरचं एक्स्पोजर.

मालिकांचं तर बोलायलाच नको. दिवसाला एका भागाइतकं चित्रण उरकायचं, तीन-चार कॅमेरे एकाच वेळी चालू, कुठूनही कुठलाही कोन लागेल म्हणून सगळीकडे सारखा सपाट उजेड. अशा उजेडात पाच माणसं पाच रंगांची दिसली तर प्रत्येक कटला रंग उडी मारतो. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे सगळ्यांना एकाच शेडचा बेस. नट दोन शेड उजळ बेसबद्दल तक्रार करतो तेव्हा तो ‘माझ्या अस्मितेचा अपमान’ म्हणत असेल किंवा नसेल. पण तो एक भौतिक गोष्ट नक्की सांगत असतो. उजळ बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचं पांढरं जास्त असतं. गडद त्वचेवर तो बसला की चेहरा गोरा होत नाही, राखाडी होतो, रक्षा फासल्यासारखा. फ्लॅश पडला की आणखी पांढरा. तीन तासांत घामाने केसांच्या रेषेशी फुटतो, मान वेगळी दिसते, हात वेगळे. नीट करायचं तर बेस गळ्याशी आणि छातीशी जुळवायचा, डोळ्याखालच्या काळेपणावर आधी नारिंगी करेक्टर आणि त्यावर त्वचेचीच शेड. गडद शेडच्या डब्या पेटीत नसतात हे खरं कारण असतं. ‘कॅमेऱ्यासाठी लागतं’ हे सांगायचं.

कॅमेऱ्यासाठी लागायचं, असा एक काळ होता हेही मान्य करायला हवं आणि त्याची सुरुवात आपल्याच गावात बघता येते. बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीने 1918 मध्ये इथे कॅमेरा तयार केला, 1920 मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ आला. मूकपटांच्या त्या काळात सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म तांबड्या रंगाला आंधळी असायची. कुंकू काळं दिसायचं, ओठ काळे, निळं आकाश पांढरंफटक. माणसाच्या त्वचेत तांबूसपणा असतोच, त्यामुळे गोरा माणूसही त्या फिल्मवर काळपट आणि डागाळलेला उतरायचा. चेहऱ्यावर फिका पिवळट लेप लावणं ही तेव्हा तांत्रिक गरज होती. त्याआधी संगीत नाटकांत गॅसबत्तीच्या उजेडात मागच्या रांगेपर्यंत चेहरा पोचावा म्हणून सफेदा फासत, तेही तसंच. पुढे 1920 च्या दशकातच पॅनक्रोमॅटिक फिल्म आली, तिला तांबडं दिसू लागलं, गरज संपली. लेप राहिला. 1930 च्या दशकात हॉलिवूडने रंगीत फिल्मसाठी काढलेल्या पॅनकेकचं नाव तर आपल्याकडे मेकअपलाच पडलं. रंगीत फिल्मची छपाई जुळवताना प्रयोगशाळांतून जी नमुना-कार्डं वापरत त्यांवर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचा फोटो असे; तपकिरी छटा नीट येत नाहीत ही तक्रार कंपनीने मनावर घेतली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी आरडाओरडा केल्यावर, हे कोडॅकच्या बाबतीत नोंदलेलं आहे. काळ्या आयांनी मुलांच्या शाळेतल्या फोटोंबद्दल केलेल्या तक्रारींनी तेवढं काम झालं नव्हतं. तक्रार कोण करतं यावर ती तांत्रिक ठरते की भावनिक, हे ठरतं.

उलट दिशेचा रंगही आपण पाहिला. 2019 मध्ये एका मराठी मालिकेची नायिका काळी म्हणून कथा बांधली आणि तिच्यासाठी उजळ अभिनेत्रीला गडद केलं. त्याच वर्षी हिंदीत दोन मोठ्या सिनेमांत तेच झालं. ‘काळीच मुलगी का नाही घेतली?’ हा प्रश्न त्या वेळी महाद्वार रोडच्या गर्दीतसुद्धा ऐकू येईल इतका सामान्य झाला आणि मला तो या सगळ्या वादातला सर्वात निरोगी प्रश्न वाटतो. त्यात कुणाच्या स्वभावाची चौकशी नव्हती. गडद बेसचे तांत्रिक भोगही कमी नसतात: तळहात, नखं, कानामागची घडी, ओठांच्या कडा राहून जातात, साडीच्या काठाला रंग लागतो, शेकडो भागांत शेड जुळवत बसावी लागते. एवढी उस्तवार परवडते, पण मुळात सावळी मुलगी परवडत नाही.

परदेशातली उदाहरणं आपल्याकडे फार चवीने वाचली जातात, तर तिकडेही बघू. 27 मार्च 1973 ला मार्लन ब्रँडो यांनी ऑस्कर नाकारलं आणि अमेरिकेच्या मूळनिवासींना सिनेमात कसं दाखवतात याचा निषेध सांगायला सशीन लिटलफेदर यांना पाठवलं. मिनिटभराचं बोलणं. सभागृहात टाळ्याही पडल्या आणि हुर्योही झाली. चर्चा झाली ती या बाई कोण, खऱ्याच मूळनिवासी का, हा पोशाख भाड्याचा का, याची. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने माफी मागितली 2022 मध्ये, जवळपास 50 वर्षांनी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या वारल्या आणि काही आठवड्यांत त्यांच्या बहिणींनी सांगितलं की आपल्या घराण्यात मूळनिवासी रक्त नाही. पुन्हा सगळा मजकूर वंशावळीचा. तो प्रश्न गैर नाही, खोटं सांगितलं असेल तर ते खोटंच. पण 1973 पर्यंतच्या काऊबॉयपटांत मूळनिवासी कसे रंगवले गेले, हे रिळांत आहे. ते तपासायला कुणाच्या जन्मदाखल्याची गरज नव्हती आणि नाही.

ब्रिटिश नट जॉन बॉयेगा यांचं उदाहरण मला त्याहून बोलकं वाटतं. 3 जून 2020 ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये ते वर्णद्वेषाविरुद्ध बोलले आणि यानंतर आपल्याला काम मिळेल की नाही ठाऊक नाही, असंही म्हणाले. प्रतिक्रिया सगळ्या त्या भावनेवर. पण त्यांची तक्रार मोजता येण्याजोगी होती. 2015 च्या स्टार वॉर्स चित्रपटाच्या चीनमधल्या पोस्टरवर त्यांची आकृती मूळ पोस्टरपेक्षा लहान केलेली होती. दोन्ही शेजारी ठेवून पट्टी लावली तर दिसतं. 2020 मध्येच एका अत्तराच्या कंपनीने त्यांच्याच कल्पनेवरची जाहिरात चीनसाठी दुसऱ्या नटाला घेऊन, त्यांना न सांगता पुन्हा चित्रित केली. कंपनीने माफी मागितली, त्यांनी करार सोडला. पोस्टर रंगवणाऱ्यांच्या या गावात आकृतीचं माप म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. कुणाचं डोकं किती इंचांचं, यावरून नटांची भांडणं होतात.

‘स्वतः क्रीम विकायचं आणि वर उपदेश’ ही प्रतिक्रिया मात्र मी फेटाळणार नाही. गोरेपणाचं आपलं प्रसिद्ध क्रीम 1975 मध्ये बाजारात आलं. (त्याच वर्षी एका अमेरिकन डॉक्टरने उन्हाने कातडी किती भाजते यावरून त्वचेचे प्रकार पाडले, तिकडे मोजमाप औषधाच्या मात्रेसाठी होतं.) 2014 मध्ये जाहिरात मानक परिषदेने काळ्या माणसाला नोकरीत, लग्नात कमी लेखून दाखवू नका, असा नियम केला. 2017 मध्ये अभय देओल यांनी सहकलाकारांच्या क्रीमच्या जाहिराती एकेक करून लोकांसमोर मांडल्या, तेव्हा उत्तर आलं: तुमच्या बहिणीनेही केलीय. ते खरं होतं आणि त्यांनी तेही चूकच असल्याचं मान्य केलं. जून 2020 मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांसाठी हळहळणाऱ्या आपल्या ताऱ्यांना लोकांनी याच जाहिराती दाखवल्या. महिनाभरात क्रीमच्या नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. डबीतलं बदललं का, हा पुढचा प्रश्न होता आणि तिथवर फार थोडे पोचले. तरीही या प्रतिक्रियेमुळे नाव बदलावं लागलं, हे कमी नाही. साई पल्लवी यांनी तसली जाहिरात नाकारली याचं कौतुक झालं. पण नाकारणं परवडणाऱ्या किती जणी असतात, हा हिशेब कौतुकात येत नाही.

आणि पैसा. मार्च 2018 च्या अखेरीस सॅम्युअल रॉबिन्सन या नायजेरियन नटाने एका गाजलेल्या मल्याळम सिनेमात आपल्याला रंगामुळे कमी मानधन मिळालं असं जाहीर लिहिलं. आधी सहानुभूतीचा पूर. मग निर्मात्यांनी सांगितलं, बजेट लहान होतं आणि आकडा करारात कबूल होता. लगेच लोक उलटले, ‘सही केलीस ना?’ काही दिवसांत दोघांत समझोता झाला आणि त्यांनी आरोप मागे घेतला. यातून शिकण्यासारखं कोरडं आहे: सिनेमा अपेक्षेपेक्षा जास्त चालला तर वाढीव रक्कम, प्रसिद्धीचे दिवस, राहण्याखाण्याचा खर्च ही कलमं आधीच लेखी हवीत. तोंडी ‘बघू या नंतर’ हे परदेशी माणसाला आश्वासन वाटतं, आपल्याला सवयीने कळतं की ते नव्हे. प्रतिक्रियांत मात्र एक तर तो हुतात्मा होता किंवा कृतघ्न.

मोजणी हा शब्द कोल्हापुरात परका नाही. 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, तेव्हा आधार होता तो सरकारी नोकऱ्यांत कोण किती आहेत याचा. कुठल्या अधिकाऱ्याचं मन मोठं, याची चर्चा त्यात नव्हती. अमेरिकेत 2015 आणि 2016 अशी सलग दोन वर्षं ऑस्करच्या अभिनयाच्या वीसही नामांकनांत एकही बिगरगोरा नव्हता, तेव्हा बहिष्काराची भाषा झाली, उलट बाजूने ‘हा गोऱ्यांवरच अन्याय’ अशीही. अकादमीने अखेर सदस्यांची मोजणी केली, स्त्रिया आणि अल्पसंख्य सदस्य 2020 पर्यंत दुप्पट करायचं ठरवलं आणि 2024 च्या पुरस्कारांपासून सर्वोत्तम चित्रपटासाठी पडद्यावरच्या आणि पडद्यामागच्या माणसांबद्दल लेखी निकष लागू केले. ते निकष सैल आहेत, पळवाटा आहेत. तरी वाद कागदावर आला.

आपल्याकडे ‘सैराट’ 29 एप्रिल 2016 ला आला, मराठीतला सर्वात जास्त कमाईचा सिनेमा ठरला आणि नायक-नायिकेच्या रंगामुळे तिकिटं अडत नाहीत, हे गल्ल्यावर सिद्ध झालं. त्यानंतर काय मोजायचं, हे ठरवणं सोपं होतं. मोरेवाडीच्या चित्रनगरीत किंवा गावातल्या वाड्यात चित्रण असेल त्या दिवशीची कॉलशीट घ्यावी: नावं, वेळा, सीन नंबर, गाड्या, जेवणाची संख्या. कोण मोलकरीण, कोण गुंड, कोण वकील, कोण नायिकेची मैत्रीण, सगळं त्यात मिळतं. रंगाचा रकाना तेवढा नसतो. तो लेखी सापडतो एकाच ठिकाणी, ऑडिशनच्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये: ‘वय 20 ते 25, उंची 5.4, गोरी, घारी असल्यास प्राधान्य’. आणि त्याच मेसेजच्या खाली, ‘कामवाली बाई, रंग चालेल.’ भूमिका भरली की हा मेसेज कुणी ठेवत नाही.